पेटंट माझं, मनाई मलाच

आपल्या चिपला काही धोका नाही, कारण तिच्यातल्या पद्धतीचं पेटंट आपल्याकडेच आहे आणि त्यावर शोधक म्हणून माझं नाव आहे, असं मी भर मीटिंगमध्ये सांगितलं आणि वर पेढे वाटले. साफ चुकलो होतो. पेढे तेवढे चांगले होते, लिटल इंडियातले.

फ्लॅश मेमरीचं दुखणं सोपं आहे. तिच्या कप्प्यांत पुन्हा पुन्हा लिहिलं की ते झिजतात. एकालाच राबवलं तर तो लवकर मरतो. म्हणून माहिती हलवत ठेवायची, म्हणजे सगळे सारखे झिजतात. कुठला कप्पा किती झिजला ते मोजून माहिती हलवायची, हे पेटंट एका प्रतिस्पर्धी कंपनीचं, आमच्या आधीचं. तसंच मोजायचं, पण चिप तापली असेल तर हलवाहलव थांबवायची, हे माझं. दोन्हींची तुलना करायचं काम साहेबांनी मलाच दिलं. म्हणजे आपल्याच पोराचा पेपर आपणच तपासायचा. मी तक्ता केला. डावीकडे त्यांच्या दाव्यातल्या पायऱ्या, उजवीकडे आमची चिप. ओळीमागून ओळ जुळत गेली. शेवटी तापमानाची जादा ओळ मी हिरवीगार रंगवली आणि खाली लिहिलं, ‘आपण वेगळे.’

पेटंटची वकीलबाई इथलीच, चिनी वंशाची. पेढा खाता खाता तिनं तक्ता पाहिला आणि इंग्रजीत म्हणाली, “वरच्या सगळ्या ओळी जुळतात. म्हणजे तुम्ही अडकलात.”

“पण आम्ही एक गोष्ट जास्त करतो!”

“जास्त करून कोणी सुटत नाही. एखादी गाळली असती तर सुटला असतात.”

“अहो, आम्हाला पेटंट मिळालंय!”

“मिळालंय ना. त्यानं तुम्ही दुसऱ्यांना अडवू शकता. स्वतः वापरायची ती परवानगी नव्हे.”

“म्हणजे माझी हिरवी ओळ त्यांना वापरता येणार नाही?”

“नाही.”

“आणि मला?”

“तुम्हालाही नाही, ला,” असं इथल्या इंग्रजीचं शेपूट लावत तिनं दुसरा पेढा उचलला.

माझं डोकंच फिरलं. त्या लोकांचा दावा म्हणजे पानभर पसरलेलं एकच वाक्य, पूर्णविराम शोधताना धाप लागावी असं. आणि तेवढ्या एका वाक्यानं आमच्या टीमची सगळी मेहनत गिळली! साहेब शांतपणे म्हणाले, “काढून टाका ती पद्धत चिपमधून.” पेटंट मिळालं तेव्हा हेच साहेब माझ्या खांद्यावर हात टाकून फोटो काढत होते. आज हात टेबलावर, नजर पेढ्यांच्या खोक्यावर. मी खोकं उचललं आणि तरातरा बाहेर पडलो. एमआरटीच्या, म्हणजे इथल्या मेट्रोच्या, सरकत्या जिन्यावर उजवी बाजू घाईत चालणाऱ्यांसाठी सोडतात; मी मुद्दाम तिथेच उभा राहिलो आणि मागच्यांची वाट अडवली. दुसऱ्याला अडवायचा हक्क आहे ना मला? मग बजावला.

टॅम्पिनीसचा आमचा फ्लॅट भाड्याचा. भिंतीला खिळा मारायचा नाही, ही घरमालकाची पहिली अट. पेटंटाची फ्रेम लावायला मी ती मोडलेली. त्या फ्रेमखाली येरझाऱ्या घालत मी बायकोला सगळं ऐकवलं. ती बँकेत ऑडिटर आहे, रागावलेली माणसं रोज बघते.

“कप्पे झिजतात हे काय त्यांनी शोधलं? उद्या श्वास घेण्याचं पेटंट काढतील!”

“तू त्यांचं पेटंट आधी वाचलं नव्हतंस?”

“वाचलं होतं! म्हणून तर त्यात एक पायरी वाढवली.”

“म्हणजे त्यांच्या घरावर मजला चढवलास.”

“माझा मजला आहे तो! हक्काचा!”

तिनं खोक्यातला उरलेला पेढा तोंडात टाकला, फ्रेमकडे पाहिलं आणि म्हणाली, “अरे, पद्धत त्यांची, पेटंट तुझ्या कंपनीचं, भिंत घरमालकाची. तुझा फक्त तो खिळा. आणि तोही वाकडा मारलायस.”