मनगटं

अकरा फेब्रुवारीला, मंगळवारी, तिने दिवसाला सहाशे पन्नास रुपयांचं काम नाकारलं. सकाळी आठ ते संध्याकाळी सात, जेवण त्यांच्याकडचं, जाण्यायेण्याचं भाडं वेगळं. आधीच्या घरचे आजोबा गेल्यापासून चार दिवस ती कामासाठी वणवण करत होती, आणि हाताशी आलेलं हे काम तिने पाऊण तासात सोडलं.

म्हाताऱ्या, आजारी माणसांना सांभाळायचं हे तिचं काम. एकोणीस वर्षं झाली. कुठल्याही घरी पहिल्यांदा गेली की ती आधी पेशंटची मनगटं बघायची, मग चेहरा. वळ दिसले की सरळ विचारायची, "यांना बांधता का?" उत्तर 'हो' आलं आणि पुढेही बांधावंच लागेल असं दिसलं, की चपला पायात. एजन्सीवाली बाई म्हणूनच तिला मनगटताई म्हणायची. त्यात कौतुक कमीच असायचं.

पूर्वी ती दवाखान्यात होती. तिथे वरून सांगितलं म्हणून एका म्हाताऱ्याचे हात तिनेच पलंगाला बांधले होते. नाक खाजतंय, एक हात सोड, असं तो दोनदा म्हणाला. "डॉक्टरांचा राउंड होऊ दे, सोडते," ती म्हणाली. राउंड झाला. ती सोडायला गेली तेव्हा तो संपला होता. बांधल्याने काही झालं नव्हतं, डॉक्टरांनी तसं तिला समजावूनही सांगितलं. पण तिने कानाला खडा लावला तो लावलाच.

मंगळवारच्या घरी आजोबांच्या दोन्ही मनगटांवर तांबूस वळ होते. सून वाईट नव्हती, दमलेली होती.

"उठतात आणि पडतात हो. मी स्वयंपाक करू की यांना धरून बसू? तुम्हीच सांगा."

"आणखी एक माणूस ठेवा. एकट्याचं काम नाही हे."

"सांगायला तुमचं काय जातंय," सून म्हणाली.

हे तिला बऱ्याच घरांनी ऐकवलं होतं. ती जिना उतरली. गुडघे कुरकुरत होते.

नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती, सासू तिच्या पदरी राहिली होती. सासूला आता दिवस-वार कळत नव्हते. दार उघडं दिसलं की ती माहेरी निघायची. माहेरचं घर पाडून तिथे पेट्रोल पंप झालाय, हे कितीदा सांगितलं तरी तिला नवंच वाटायचं. म्हणून बाहेर पडताना ती सासूला समोरच्या खोलीत शिवणवालीकडे सोडायची. दिवसाचे ऐंशी रुपये. संध्याकाळी घरी आणली की सासूचं रोज एकच टुमणं, "सोड गं हात."

"मी कुठे धरलाय?" असं म्हणून ती भांड्यांकडे वळायची. म्हातारपणाची बडबड, दुसरं काय.

एरवी ती सातला परतायची. त्या दिवशी अकरालाच आली. शिवणवालीचं दार लोटलेलं होतं, आत मशीन चालू होतं. सासू खुर्चीत बसली होती आणि तिचा उजवा हात अस्तराच्या पट्टीने खुर्चीच्या हाताला बांधला होता. वळ उठू नयेत म्हणून स्वेटरच्या बाहीवरून, नीट, दोन वेढे.

मशीन थांबलं.

"लवकर कशी आलीस?" शिवणवाली म्हणाली. मग म्हणाली, "गाठ सैल आहे बघ. दुखत नाही तिला."

"कधीपासून?"

"दिवाळं निघेल गं माझं तिच्यामागे धावून धावून. दोन महिन्यांपूर्वी जिन्याच्या टोकाला उभी होती, एक पाय हवेत. तेव्हापासून."

"मला सांगायचंस."

"सांगून तू काय केलं असतंस? लोकांना सांगतेस ना, आणखी एक माणूस ठेवा? मग ठेव."

तिने गाठ सोडली, बाही वर सारली. मनगट स्वच्छ होतं. इतकी वर्षं लोकांची मनगटं पाहिली, घरातली दोन पाहायची राहून गेली होती. पाहिली असती तरी काही दिसलं नसतं. पण कानाने तर रोज ऐकलं होतं.

दुपारी एजन्सीवालीचा फोन आला.

"मनगटताई, साडेसातशे द्यायला तयार आहेत. आणि फक्त दुपारी दोन तास बांधायचं. बाकी वेळ मोकळे."

शेल्फावरच्या डब्यात आठवडाभराचंच धान्य उरलं होतं.

"नको."

"मग बस घरी."

"बसते."

बारा दिवस ती बसली. मग दोन गल्ल्या पलीकडच्या एका निवृत्त शिक्षिकेकडे अर्ध्या दिवसाचं काम मिळालं, रोजचे तीनशे रुपये. सासूला बरोबर आणीन ही एकच अट तिने घातली. शिक्षिका म्हणाल्या, "आणा, मलाही ओरडायला कोणीतरी हवंच आहे." आता दोघी म्हाताऱ्या खिडकीशी बसतात, एक माहेरी निघते, दुसरी तिला खाली बसवते. निम्म्या पैशांत भागत नाही. ती रात्रीचा भात कमी लावते.

सासू अजूनही संध्याकाळी म्हणते, "सोड गं हात." ती भांडी ठेवते, समोर येऊन बसते, आपले दोन्ही हात उघडून दाखवते. सासू ते उलटसुलट करून बघते. कधी पटतं, कधी नाही.

शिवणवालीचे वणवणीच्या त्या चार दिवसांचे तीनशे वीस रुपये अजून द्यायचे आहेत.