उंब्रजच्या बाजारात एकच भाव

आमच्या घरी वर्तमानपत्रापेक्षा पत्रकं जास्त यायची. वडील चळवळीतले. मी बाराखडी गिरवली तीसुद्धा मोर्चाच्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर. त्यामुळे हळद विकायचं ठरल्यावर मी वजनकाट्याच्या आधी पत्रक तयार केलं.

हळद आत्याची, तिच्या कडेगावच्या रानातली. एक मोठा डबा भरून दळून देताना तिनं बजावलं, "उंब्रजच्या बाजारात बसून दाव. सांजच्यापत्तुर डबा निम्मा झाला तर पुढची हळद तुझी. न्हाईतर समदी सांगलीच्या अडत्याला घालती."

पत्रकाचं शीर्षक होतं 'एकच भाव'. घासाघीस म्हणजे बोलक्याला स्वस्त आणि मुक्याला महाग, म्हणजे सरळ लूट, असं मी त्यात लिहिलं होतं. ते पुठ्ठ्यावर डकवून डब्यापुढे उभं केलं. पुठ्ठ्यामागे आत्या दिसेनाशी झाली.

बायका यायच्या, चिमूटभर हळद तळहातावर चोळायच्या, हुंगायच्या आणि विचारायच्या, "कशी दिली?" मी पुठ्ठ्याकडे बोट दाखवायची. दोन ओळी वाचून त्या शेजारच्या पालाकडे सरकायच्या.

"हळद हाय का परीक्षेचा पेपर?" आत्या मागून म्हणाली.

मग एक निवृत्त सुभेदार थांबले. सावधान उभे राहून त्यांनी अख्खं पत्रक खणखणीत आवाजात वाचलं. गर्दी जमली. "शाब्बास! आमच्या कँटीनला असंच असतंय. एक दर, एक लाईन!"

मला भरून आलं. "किती देऊ, काका?"

"छे गं, आमची घरची हाय." ते निघाले आणि त्यांच्यामागोमाग गर्दीही गेली.

दुपार झाली तरी डबा काठोकाठ भरलेला. तेवढ्यात कमरेवर हात ठेवून एक मावशी उभी राहिली. "धा रुपय कमी कर."

"मावशी, भाव कमी करणं म्हणजे दुसऱ्या कुणाकडून तरी..."

"अगं बया, नगं करूस कमी! पर मला म्हनू तर दे. गप बसून सामान घ्यायला ह्ये काय रेशनचं दुकान हाय?"

मी पुठ्ठा जरा बाजूला सारला. मी म्हटलं, "बरं, म्हणा."

"लय महाग हाय."

"रंग घातलेला नाही हिच्यात. आणि आत्याच्या बैलांना वैरण लागते."

"बैल तुमचं, आन् पैसं म्या भरू व्हय?"

मला हसू फुटलं. तिनं त्याच भावात अर्धा किलो घेतली, पण पिशवी मिटेना. "वर?"

वरचं द्यावं लागतं, हे मी विसरलेच होते. आत्याकडे पाहिलं, तर ती मुद्दाम आभाळाकडे बघत बसली होती. घासाघीस ही लूट आहे, हे मी आजही मानते. पण सगळ्यांना सारखंच वर दिलं तर लूट कुठली? मी मावशीला मूठभर हळद घातली आणि पुठ्ठ्यावर पेनानं लिहिलं : 'वरची मूठ सर्वांना सारखी.'

त्यानंतर दिवस मावळेपर्यंत मी बायकांशी भांडले. भावात एक रुपयाही सोडला नाही. घसा मात्र पार बसला.

सांजेला आत्यानं डब्यात डोकावून पाहिलं. हळद निम्म्याच्याही खाली गेली होती. तिनं झाकण घट्ट लावलं.

"फुडल्या बाजाराला," ती म्हणाली, "मूठ म्या घालनार. तुझा हात लय मोठा हाय."