हरलेल्या मॅचची तेरवी

जिंकणाऱ्यांकडे सांगायला एकच गोष्ट असते, ती म्हणजे आम्ही कसे जिंकलो. ती दुसऱ्यांदा ऐकताना माणूस घड्याळ बघायला लागतो. हरणाऱ्यांकडे दर रविवारी नवा माल येतो. आम्ही चौघं एक अख्खा पावसाळा हरलो, त्यामुळे आमच्याकडे साठा भरपूर आहे. अजूनही आमच्यातलं कोणी ब्रह्मपुरीच्या जीपमध्ये, मांडीला मांडी लावून बसलेलं भेटलं की एक किस्सा निघतो, त्याला चिकटून दुसरा येतो, आणि उतरायचं गाव मागे जातं.

आधी चौघं कोण ते सांगते. मी वैशाली, तेव्हा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. माझ्याच वर्गातला नितीन, त्याची आई सरकारी दवाखान्यात नर्स. शकील, बाजारात वडिलांच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात बसणारा. आणि पद्मा, सिरोंच्याची, होस्टेलवर राहणारी, घरी तेलुगू आणि आमच्याशी मराठी बोलणारी.

अड्डा म्हणजे गजूभाऊंचा सायबर कॅफे. हार्डवेअरच्या दुकानावर, लोखंडी जिन्यानं चढून जायचं. ब्रॉडबँड गावात नुकतंच आलं होतं. रविवारी सकाळी आम्ही तिथून चंद्रपूरच्या चार पोरांशी बंदुकांचा ऑनलाइन खेळ खेळायचो. ते चौघं त्यांच्या कॅफेत, आम्ही आमच्या. ज्या बाजूचे सगळे आधी मरतील ती बाजू तो डाव हरली. जास्त डाव ज्याचे, मॅच त्याची. समजायला इतकं सोपं. फक्त जमत नव्हतं.

*

सुरुवातीला आपण हरतोय हेच आम्हाला मान्य नव्हतं. शकीलचा माउस अडकायचा. नितीनचं नेट स्लो असायचं. पद्माला खुर्ची उंच व्हायची. आणि मी? मी या तिघांमुळे हरायचे.

एकदा मॅच संपल्यावर आम्ही चौघं असे मोठमोठ्यानं मशीनच्या नावानं ओरडत होतो. गजूभाऊ काउंटरवर झेरॉक्सचे कागद सरळ करत होते. त्यांनी मान वर न करता विचारलं, “मंग चंद्रपूरवाले कोणाशी खेळून राह्यले होते? माह्या माउसशी?”

*

आमच्या घरी मोठे बाबा. म्हणजे माझ्या वडिलांचे मोठे भाऊ, रिटायर्ड हेडमास्तर. माझ्या वडिलांनी त्यांना विचारल्याशिवाय आयुष्यात चप्पलसुद्धा बदललेली नाही. एका रविवारी मी निघाले तर ते दारापुढच्या छपरीत खुर्ची टाकून बसलेले.

“कुठी चालली?”

“खेळायला.”

“मागच्या वेळी जिंकली?”

“नाही.”

“त्याच्या आंधी?”

“नाही.”

“म्हणजे तू दर रविवारी नटूनथटून हारायले जाते. हारायचंच असन तर घरी बसून हार ना. चप्पल तरी वाचन.”

मी म्हटलं, “हरल्याशिवाय शिकता येत नाही, मोठे बाबा.”

“मी सगळी नोकरी शिकवण्यात घालवली. हारून आलेल्याले आम्ही नापास म्हणतो.”

मी उत्तर दिलं. ते काय होतं ते इथे लिहीत नाही, कारण आईनं ते ऐकून स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. मोठ्या बाबांनी मात्र शांतपणे निकाल दिला. दिवाळीपर्यंत जा. एक मॅच जिंकून दाखव. नाहीतर दिवाळीनंतर कॅफे बंद, आणि जी स्थळं येतील त्यांच्यासमोर निमूट बसायचं.

आमच्या घरात मोठे बाबा बोलले की ते छापून आल्यासारखं असतं. हे ऐकणाऱ्याला हसू येईल. पण अख्ख्या आठवड्यात रविवारची सकाळ ही एकच वेळ होती, जेव्हा मला कोणी “चहा ठेव” म्हणायचं नाही, “डावीकडे सांभाळ” म्हणायचं. ती मी एका खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या म्हणण्यावर सोडणार नव्हते.

*

पुढच्याच रविवारी आम्ही एकही डाव न जिंकता हरलो. जिना उतरताना कोणी कोणाकडे बघत नव्हतं. खाली आल्यावर नितीन थांबला.

“एवढी मोठी मयत झाली आन् आपण तोंड लपवून घरी चाललो. तेरवी तरी करा बिचारीची.”

एसटी स्टँडसमोरच्या टपरीवर आम्ही बसलो, तर्री-पोहे मागवले, आणि मेलेल्या मॅचची तेरवी घातली. तिथेच नियम ठरले. खऱ्या तेरवीत मेलेल्याबद्दल चांगलंच बोलतात, इथे चांगलं एक अक्षर बोलायचं नाही. प्रत्येकानं फक्त आपण काय चुकलो ते सांगायचं, दुसऱ्याचं काढायचं नाही. आणि नेट, माउस, लाइट यातलं एकही नाव जो घेईल त्यानं समोरच्या हँडपंपावरून सगळ्यांसाठी पाणी आणायचं.

पहिला मान शकीलचा, कारण तो सगळ्यांत आधी मेला होता. त्यानं घसा खाकरला. “मी मानतो, चूक माझीच होती. म्हणजे, आता नेट जरा...”

नितीननं पाण्याचा जग त्याच्या हातात दिला.

त्या दिवशी शकीलनं इतक्या फेऱ्या मारल्या की टपरीवाल्या मावशींनी त्याला विचारलं, “बाबू, कामाले राहतं का?”

*

तेरवीत जे निघायचं ते दुसरीकडे निघालं नसतं. उदाहरणार्थ, दाराचं प्रकरण.

त्या खेळात एक अरुंद दार होतं. तिथून पलीकडे गेलं की डाव अर्धा हातात. आम्ही दर वेळी तिथेच मरायचो, तेही चौघं एकत्र. का, ते कोणाला कळत नव्हतं. दोन तेरव्या झाल्यावर शकील पोहे चिवडत म्हणाला, “मी बोलू? मी दारात थांबतो. पद्मा मागे असते ना. मुलगी मागे असताना आपण आधी कसं घुसायचं?”

पद्मा म्हणाली, “मी थांबते. वैशाली माझ्यापेक्षा मोठी आहे.”

मी म्हटलं, “मी नितीनसाठी थांबते. तो म्हणाला होता मी आधी जातो.”

नितीन म्हणाला, “मी म्हणालो होतो, पण शकील समोर उभा. त्याले धक्का देऊन जाऊ का?”

म्हणजे पलीकडून गोळ्या येत होत्या आणि आम्ही लग्नाच्या पंगतीसारखे, आधी तुम्ही, नाही आधी तुम्ही, करत उभे होतो. चंद्रपूरवाल्यांना एकच बाँब पुरायचा.

त्या दिवसापासून नियम झाला. दारात संस्कार चालणार नाहीत.

*

मग पद्माची कल्पना. खेळताना माइकवर बोललेलं दोन्ही बाजूंना ऐकू जायचं. मी “मागे बघ” म्हटलं की चंद्रपूरवालेही ऐकायचे आणि मागून निघून पुढून यायचे. पद्मा तेरवीत म्हणाली, “तेलुगूत बोलू. त्यांना काय कळणार?”

तिनं आम्हाला आठवडाभर होस्टेलच्या गेटवर शिकवलं. एडमा म्हणजे डावीकडे, कुडि म्हणजे उजवीकडे, वेनका म्हणजे मागे. शकील दुकानात घड्याळ उघडून पुटपुटत बसायचा. त्याच्या अब्बांना वाटलं पोरगा परीक्षेला बसतोय, त्यांनी बदाम आणले.

रविवारी आम्ही तेलुगूत खेळलो आणि खरंच चालायला लागलं. डावामागून डाव बरोबरीत. शेवटच्या डावात मी एकटीच उरले होते, त्यांचाही एकच. पद्मा ओरडली, “वेनका, वेनका!” मी गर्रकन मागे वळले.

मागे कोणी नव्हतं. माइकवर चंद्रपूरच्या कॅप्टनचा आवाज आला, अगदी घरच्यासारखा, “वेनका कादु, अक्का. पैना.”

मागे नाही, ताई. वर.

मी वर बघितलं. छपरावरून त्यानं मला मारलं. मग सांगितलं की तो बल्लारपूरचा आहे आणि त्याची आई घरी तेलुगूच बोलते.

त्या तेरवीत पद्मा इतकंच म्हणाली, “मी स्वतः दर सुट्टीत बल्लारपूरवरून घरी जाते. तिथे चहा मागते तो पण तेलुगूत.” आणि न सांगता उठून पाणी घेऊन आली.

*

माझी पाळी आली ती मला अजून आवडत नाही, पण सांगायलाच हवी.

मी टीमची कॅप्टन. कोणी कुठे जायचं ते मी सांगायचे. एकदा नितीन मला तीनदा म्हणाला, तिकडे नको, तिकडे दोघं आहेत. मी म्हटलं, मला माहीत आहे, चला. तिकडे दोघं नव्हते. चौघं होते.

तेरवीत माझा नंबर आला. मी म्हटलं, “माझं चुकलं. मी जरा घाई केली.”

कोणी पोह्यांना हात लावला नाही. शकील नितीनकडे, नितीन पद्माकडे.

“हे खरं कारण नाई,” नितीन म्हणाला.

“दुसऱ्याचं काढायचं नाही असा नियम आहे.”

“मी तुझं काढतच नाई. तुझ्या मोठ्या बाबांचं काढतो. तू सेम त्यांच्यासारखी खेळते. खुर्चीवर बसून निकाल देते.”

पद्मा हसू दाबायला तोंडात ओढणी कोंबत होती. मी त्या दिवशी पोहे खाल्ले नाहीत. दोन दिवस नितीनशी बोललेही नाही. तिसऱ्या दिवशी प्रॅक्टिकलला त्याच्या टेबलापाशी जाऊन विचारलं, “बरं, मग तुझ्या मते कुठून जायला हवं होतं?”

तो म्हणाला, “मोठे बाबा अंगातून उतरले वाटते.”

*

ऑगस्टमध्ये पद्मा घरी गेली आणि पुरानं रस्ता बंद झाल्यामुळे तिकडेच अडकली. चौथा माणूस नाही. मॅच सोडली तर एक रविवार वाया, आणि मी दिवाळीकडे डोळे लावून बसलेली. शेवटी आम्ही गजूभाऊंना बसवलं. त्यांनी चष्मा पुसला, माउस धरला, आणि विचारलं, “यात सेव्ह कुठून करतात?”

डाव सुरू झाला आणि नेमकं त्याच वेळी कोणीतरी रहिवासी दाखल्याची झेरॉक्स मागायला आलं. गजूभाऊ उठून गेले. खेळातला त्यांचा माणूस भर चौकात, बंदूक खाली करून, एकटा उभा.

चंद्रपूरवाल्यांनी त्याला पाहिलं आणि थबकले. इतका उघडा कोणी उभा राहतो का? नक्की काहीतरी कावा आहे! ते चौघं चार कोपऱ्यांतून त्याच्याकडे टक लावून बसले. तेवढ्या वेळात आम्ही तिघं मागून गेलो आणि चौघांनाही उडवलं. त्या महिन्यातला तो आमचा पहिला जिंकलेला डाव. गजूभाऊ परत आले तेव्हा त्यांना सांगितलं, तुमच्यामुळे जिंकलो.

“मी तं टोनर हलवून राह्यलो होतो,” ते म्हणाले.

मॅच अर्थातच हरलो, कारण पुढच्या डावापासून गजूभाऊ मन लावून खेळायला लागले. पण तेरवीत आम्ही ते नीट लिहून घेतल्यासारखं डोक्यात ठेवलं. एकानं उघड्यावर उभं राहायचं, तिघांनी मागून जायचं. याला आम्ही “गजूभाऊ करणं” म्हणायचो.

*

दिवाळीच्या आधीचा शेवटचा रविवार. मोठ्या बाबांची अट तिघांनाही माहीत होती. शकीलनं स्वतःच्या दुकानातल्या बारीक ब्रशनं माझा माउस साफ करून ठेवला होता. नाव मात्र घेतलं नाही, पाणी आणावं लागलं असतं.

बरोबरी झाली. शेवटचा डाव. मी विचारलं, “नितीन, कुठून?” तो दचकला. मग म्हणाला, “दारातून. तू गजूभाऊ कर.”

मी भर चौकात जाऊन उभी राहिले. कॅप्टन असून. हात कीबोर्डवरून काढून मांडीवर ठेवले, कारण ठेवले नसते तर मी पळाले असते. शकील कोणासाठीही न थांबता दारातून घुसला, त्याच्या मागे पद्मा, मग नितीन. मला गोळी लागली. पण तोवर पलीकडे फक्त तो बल्लारपूरचा उरला होता, आणि पद्मानं त्याला छपरावर गाठलं. मारायच्या आधी ती माइकवर तेलुगूत काहीतरी म्हणाली. काय म्हणाली ते तिनं आम्हाला आजवर सांगितलेलं नाही.

आम्ही जिंकलो. गजूभाऊंनी कॅफेतल्या सगळ्यांना, प्रिंटसाठी थांबलेल्या एका तलाठ्यालासुद्धा, चहा पाजला.

चॅटवर त्या कॅप्टनचा मेसेज आला. तुम्ही जूनमध्ये अगदीच कच्चे होता, केलं काय? नितीननं लिहिलं, दर वेळी तेरवी घातली. मग सगळं सविस्तर कळवलं, पोह्यांसकट.

मी पळत घरी गेले. मोठे बाबा छपरीत.

“जिंकलो.”

त्यांनी पेपर खाली घेतला नाही. “समोरचे कच्चे असतीन,” म्हणाले, आणि पान उलटलं.

*

पुढच्या रविवारी दिवाळी होती म्हणून कॅफे बंद. मी आत चकल्या तळत होते. बाहेरून मोठ्या बाबांचा आवाज आला, “कोण पाह्यजे?”

खिडकीतून पाहिलं. चार अनोळखी पोरं दारात उभी. अंगावर एसटीची धूळ, एकाच्या हातात सोनपापडीचा डबा. पुढचा, चष्मेवाला, म्हणाला, “आम्ही चंद्रपूरहून आलो, आबाजी. कॅफे बंद आहे, तं टपरीवाल्या मावशींनी हे घर दाखवलं. वैशालीताईंनी आम्हाले मागच्या रविवारी हरवलं.”

“मंग?”

“मंग आमची तेरवी करायची होती. आम्ही पहिल्यांदाच करून राह्यलो, तं म्हटलं इथी येऊनच करावी.”

मोठे बाबा उठले. मला वाटलं आता हाकलतात. कढईखालचा गॅस बंद करून मी दाराशी पोचले, तोवर त्यांनी भिंतीला टेकवलेली सतरंजी स्वतः झटकून अंथरली होती. आत आईला हाक मारून त्यांनी पाच प्लेट पोहे सांगितले. मग आपली खुर्ची ओढून पोरांच्या अगदी जवळ घेतली, आणि मी दारात उभी आहे हे दिसत असूनही माझ्याकडे न बघता म्हणाले,

“बसा. घाई करू नका, पह्यल्यापासून सांगा. आमच्या पोरीनं तुमाले मारलं कसं?”