खांबावरून रिंग

लाइनभाऊ समोरासमोर बोलतानाही ट्रंककॉलवर असल्यासारखे बोलत. प्रताप नगरात त्यांनी कुजबुज केली की तिकडे बेसा गावातली कुत्री कान टवकारत. "हां, बोला, येऊन राहिला आवाज," म्हटल्याशिवाय त्यांचं संभाषण सुरूच होत नसे, मग तुम्ही मांडीला मांडी लावून बसलेले का असेना. टेलिफोन खात्यात लाइनमन. उंची अशी की शिडी ते केवळ खात्याचा मान राखायला नेत.

जगाचे त्यांनी तीनच भाग केले होते: एक्सचेंज, लाइन आणि फोन. शेजारच्या नवराबायकोचं भांडण मिटवायला गेले तेव्हाही निदान हेच. "दोन्ही फोन बरोबर हायेत. मधात लाइन क्रॉस झाली."

सत्तरच्या दशकात माझ्या बाबांना अर्धांगवायू झाला. डाव्या पायाचा पंजा लोंबायचा, बोटं जमिनीला घासायची, चार पावलांत बाबा खाली. त्या सुमारास लाइनभाऊ इस्पितळातला फोन दुरुस्त करत होते, तेव्हा तिथल्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना परदेशी मासिकातली एक आकृती दाखवली आणि असं यंत्र बनवाल का, म्हणून विचारलं. दुसऱ्याच दिवशी ते आमच्याकडे हजर.

"काका, तुमचं डोक्यातलं एक्सचेंज बिघडलं हाय. पायाची लाइन जित्ती हाय. आपण एक्सचेंज सोडून खांबावरून रिंग देऊ."

साबणाच्या डबीत बॅटरी आणि थोडे सुटे भाग. गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला ओल्या फडक्याच्या दोन पट्ट्या. बुटात टाचेखाली बटण. टाच उचलली की करंट, करंट लागला की पंजा वर. डॉक्टरीणबाईंनी तपासून होकार दिला आणि बाबा अंगण ओलांडून फाटकापर्यंत गेले, एकदाही न पडता.

"मुंग्या चावून राहिल्या गा," बाबा म्हणाले.

"चावू द्या काका. त्याच चालवून राहिल्या तुम्हाले."

पण मला फाटक पुरलं नाही. पानठेल्यावरच्या गप्पांत मी बाबांना सीताबर्डीपर्यंत चालवलं. दुसऱ्या दिवशी किल्ल्याची टेकडी चढवली. तिसऱ्या दिवशी, पट्टी लावली की कसलाही अधू पाय धावतो, असं छातीवर हात ठेवून सांगितलं. लोक पान चघळायचं विसरले. मला फार बरं वाटलं.

पंधरवड्यात मौद्याहून एक गृहस्थ मुलीला कडेवर घेऊन लाइनभाऊंच्या घरी आले. अकरा वर्षांची पोर, लहानपणी पोलिओ झालेला. यंत्राला बूट लागतो असं ऐकून बापानं नवे कॅनव्हासचे बूट घेतले होते. तिने बसमध्ये ते पायातून काढू दिले नव्हते.

लाइनभाऊंनी बाबांचीच डबी मागवून पट्टी लावली. पंजा हलला नाही. जागा बदलली, फडकं पुन्हा भिजवलं. त्यांना पहिल्या खेपेलाच कळलं होतं, तरी अर्धा तास ते लावत राहिले. मग आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात म्हणाले, "माय, तुह्यं एक्सचेंज चांगलं हाय. लाइनच तुटली. रिंग जाईन कुठून?"

"मंग जोडा ना भाऊ," पोरगी म्हणाली. "तुम्ही लाइनमन हा ना?"

लाइनभाऊंनी डबी बंद केली.

"माह्या साळ्यानं पानठेल्यावर ऐकलं होतं," बाप म्हणाला. "कोण सांगून राहिले होते, जी?"

मी तिथेच खुर्चीवर होतो. लाइनभाऊंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. "असन कोणी. ऐकण्यात चूक झाली असन."

मी तिच्या बुटाच्या नाड्या पाहत बसलो. एरवी तोंडाला कुलूप लावायची सोय नसलेला मी.

त्यानंतर बाबांचं यंत्र ते दर रविवारी तपासून जात, पण दुसरं बनवलं नाही. डॉक्टरीणबाईंनी परोपरीनं विनवलं. "नाही जमत, बाई," एवढंच उत्तर. ज्यांची लाइन जित्ती होती असे किती जण त्यामुळे पाय ओढत राहिले असतील, याची चौकशी करायची हिंमत मला झाली नाही.

दोन वर्षांनी त्यांची बदली झाली. सामान ट्रकवर चढत होतं. आज चूक कबूल करायचीच, असं ठरवून गेलो आणि नव्या गावच्या पाण्याबद्दल बोललो.

"बापू, मौद्याले गेले होते का कधी?" त्यांनी मध्येच विचारलं.

"नाही."

"मी जातो महिन्यातून एकदा. पायाले लोखंडी कॅलिपर बनवून देल्लं इस्पितळातून. शाळेत जाते पोरगी आता, काठी धरून." ते दोरी आवळत राहिले. "इचारत होती, तो सांगणारा कोण म्हणून. मी म्हटलं, येईन तो एखाद दिवशी."

मी आजवर मौद्याला गेलेलो नाही.