लिंबू चोळलेला उंदीर

सापाला मेलेला उंदीर खायला शिकवणं हा काय वैताग असतो, हे ज्यानं केलंय त्यालाच कळेल. जिवंत उंदीर पळतो, साप झडप घालतो, विषय संपला. मेलेला नुसता पडून राहतो आणि साप आपल्याकडे असा बघतो, जणू आपणच काहीतरी वावगं बोललो.

माझा साप परदेशी जातीचा, बिनविषारी, कॉर्न स्नेक म्हणतात त्यातला. नारिंगी अंग, करंगळीएवढी जाडी, अजून पिल्लूच. पुण्याच्या एका सापवाल्याकडून रीतसर कागदपत्रं करून पूर्णेला आमच्या घरी आणला. नवरा रेल्वेत, निम्मा आठवडा ड्यूटीवर. तो म्हणाला, "तू आणि आई घ्या बघून." आई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांनी पहिल्याच संध्याकाळी सापाच्या काचेच्या पेटीसमोर दुधाची वाटी ठेवली. साप दूध पीत नाही, यावरून आमचं चांगलंच वाजलं. शेवटी वाटी तिथून हलली. मला जरा जास्तच आनंद झाला, कारण त्या घरात माझ्या बाजूनं निकाल लागायचे प्रसंग फार नसतात.

मग खायला सोडलेल्या एका जिवंत उंदरानं सापाला डोळ्याखाली कडाडून चावा घेतला. एवढंसं रक्त आलं. पुण्याला फोन लावला. सापवाला म्हणाला, "आता मेलेलाच द्या, गोठवलेले पाठवतो." थर्मोकोलच्या खोक्यात बर्फ घालून उंदीर ट्रॅव्हल्सनं आले. ते घट्ट झाकणाच्या डब्यात घालून फ्रीजरमध्ये ठेवले. सासूबाईंनी आपले मटार तिथून तातडीनं बाहेर काढले. "फ्रीजात उंदरं! कुणाला सांगू नगंस बाई," एवढंच म्हणाल्या.

मी परभणीला शाळेत शिकवते, संध्याकाळच्या गाडीनं परतते. उंदीर वितळवायचं काम सासूबाईंनी आपणहून अंगावर घेतलं. मी येईपर्यंत वाटीत तयार. मला वाटलं, चला, सूत जुळलं. मी तो कोमट करायची, पुसायची, लांब चिमट्यात धरून सापाच्या नाकासमोर हलवायची. तो जीभ लपलप करायचा, मागं सरायचा आणि वेटोळ्यात तोंड खुपसायचा. दिवा घालवून बघितला, पेटीवर चादर टाकून बघितली, विनवण्या केल्या, शिव्याही घातल्या. काही नाही.

महिना होत आला. हातात घेतला की पाठीचा कणा बोटाला लागायचा. पुण्याहून निरोप आला, या रविवारपर्यंत खाल्लं नाही तर घेऊन या, नळीनं भरवावं लागेल. एवढं लहान पिल्लू त्यात टिकेलच असं सांगता येत नाही. मी गाडीत खिडकीकडं तोंड करून रडले. मी त्याला हौसेनं आणला होता आणि तो माझ्याच घरात उपासमारीनं मरणार होता.

शनिवारी शाळा अर्धी. भर दुपारी घरी आले तर सासूबाई मोरीशी बसलेल्या. डाव्या तळहातावर उंदीर, उजव्या हातात लिंबाची फोड.

"आई! काय करायलात हे?"

"काय म्हंजे? धुवायलेय. लय वास मारायलाय."

"रोज धुता?"

"मंग? आपल्या घरात कधी मटन न धुता कुणाच्या ताटात पडलंय? मीठ लावते, लिंबू चोळते, चांगलं चार पाण्यानं धुते. हळद तेवढी लावत न्हाई. लेकरू लहान हाय, उष्ण पडंल."

मी तिथंच भिंतीला टेकून बसले. हसावं की किंचाळावं कळेना. मग सांगितलं, तो जीभ बाहेर काढतो ती वास घ्यायलाच. वास गेला की त्याच्या लेखी तो उंदीरच राहत नाही.

त्यांनी फोड खाली ठेवली. "म्हंजे मीच उपाशी ठेवलं व्हय त्याला?"

बोलायला माझ्याकडं पुष्कळ होतं, सगळं तोंडावर आलेलं. पण त्यांचा चेहरा बघितला आणि गिळून टाकलं. "तुमी तर त्याला चांगलंच द्यायला बघायलात," म्हटलं. ते खरंही होतं.

संध्याकाळी दुसरा उंदीर काढला. धुतला नाही, पिशवीत घालून नुसता कोमट पाण्यात ठेवला. पिशवी उघडली तसा सासूबाईंनी पदर नाकाला लावला. मग पदर सोडला आणि म्हणाल्या, "आण तो चिमटा इकडं." मी दिला.

त्यांचा हात वयानं थरथरतो. मी उंदीर हलवायची ते शाळेची घंटा वाजवल्यागत. त्यांच्या चिमट्यात तो बारीक बारीक थरथरत होता, जिवंत असल्यासारखा. सापाची जीभ एकदा बाहेर आली, पुन्हा आली. मान मागं गेली. आणि त्यानं झडप घातली, अशी की चिमट्याला हिसका बसला. सासूबाईंनी चिमटा सोडला नाही. सापानं उंदराला तीन वेढे घातले, मग डोक्याकडून गिळायला लागला. जबडा ताणून, घाईघाईनं. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही भान नव्हतं.

सासूबाई पेटीच्या काचेशी वाकल्या.

"हळू खा रं," त्या म्हणाल्या. "कुणी हिसकून न्हाई घ्यायलं तुझं."