सुभद्राआत्या कुणालाच खरं सांगत नाही

आमच्या लालबागच्या हरगोविंद चाळीत हातात कागद घेतलेला माणूस शिरला, की दुसऱ्या मजल्यावरच्या सुभद्राआत्याला ऐकू येईनासं होतं. एरवी तळमजल्यावर कुणाच्या कुकरला किती शिट्या झाल्या आणि म्हणून आत डाळ आहे की मटण, हे ती गॅलरीतून सांगते.

मागच्या जनगणनेला एक मास्तर आले होते. त्यांनी दारात उभं राहून विचारलं, "घरात माणसं किती?"

"तुमाला किती दिसतात?"

"एक."

"मग एक लिवा."

मास्तरांनी एक लिहिलं आणि ते पुढच्या दाराकडे वळले. आत्याचा मुलगा तेव्हा मोरीत आंघोळ करत होता. देशाच्या लोकसंख्येत एक माणूस कमी भरतोय, तो आमच्या चाळीतला आहे.

आत्याला लिहिता-वाचता येतं. पेपर ती पहिल्या पानापासून वाचते, त्यातल्या निम्म्या बातम्यांना "खोटं" म्हणते आणि उरलेल्यांना "बघू". पण कुठेही सही करायची वेळ आली की अंगठाच पुढे करते. सही कुणीही मारतं, अंगठा मात्र आपल्यापाशी राहतो, हे तिचं म्हणणं. बँकेतल्या पोरीने एकदा तिला साक्षर व्हायचा सल्ला दिला होता. आत्याने तो शांतपणे ऐकून घेतला आणि पासबुकात पोरीने घातलेली चुकीची तारीख तिला दाखवून दिली.

बावीस वर्षं तिने शिवडीच्या एका गोदामात मिरच्यांची देठं खुडली. नवरा गिरणीत होता. तो कामावरून आला की आधी डबा उघडून वास घ्यायची: ह्याने खाल्लं, की दुसऱ्या कुणी? बिचारा माणूस शेवटी-शेवटी डब्यात एक घास पुरावा म्हणून ठेवायला लागला होता.

आता हा संशय मिरच्यांमुळे आला असेल, असं आम्ही समजत होतो. तो त्याच्याही आधीचा निघाला, आणि ते कळलं अवधूतमुळे.

अवधूत हा अँटॉप हिलला राहणारा पंचविशीतला मुलगा. गेल्या मार्गशीर्षात एका रविवारी सकाळी तो आत्याच्या दारात आला आणि दुर्दैवाने त्याच्या हातात फाइल होती. आत्याने लगेच कानाला हात लावला. मी शेजारच्या खोलीतला, तेव्हा गॅलरीत टॉवेल वाळत घालत होतो. मला बघून त्याला धीर आला. "काका, मी आसाणेवाडीचा. आजीच्या माहेरचा. खालच्या घरातल्या दगडूचा नातू."

आत्याला एकदम ऐकू आलं. "दगडूचा नातू? कशावरनं?"

अवधूतने आधारकार्ड काढलं. "हे कुणीपन छापतंय," आत्या म्हणाली. तरी तिने त्याला आत घेतलं, मलाही बोलावलं. "भाऊ, तुमी बसा. एकटीनं नको."

आसाणेवाडी म्हणजे घाटाखालच्या चढावर चिकटलेली तीस-बत्तीस घरं. वर डोंगर, खाली डोंगर, मध्ये नाचणीचे तुकडे. अवधूतने सांगितलं ते असं: वाडीच्या वरच्या अंगाला एक झरा आहे. भर वैशाखात तेवढाच चालू असतो आणि अख्खी वाडी त्यावर जगते. झऱ्याभोवतालची जमीन कुणा शेठने विकत घेतली. तिथे तो हॉटेल बांधणार, म्हणून त्याने कुंपणाचे खांब रोवले आणि झरा कुंपणाच्या आत गेला. वाडीने तहसील कचेरीत वहिवाटीचा अर्ज केला. शेठचा वकील म्हणाला, इथली सिमेंटची टाकी वाडीने पंचवीस वर्षांपूर्वी परक्याच्या जमिनीत बांधली, त्याआधी इथे पाणी नव्हतंच, सरकारी नकाशा बघा. नकाशात खरोखरच झरा नाही.

"वाडीत सत्तरीच्या वरचं कुणी उरलं नाही," अवधूत म्हणाला. "जुनं सांगणाऱ्या तुम्हीच. लेखी जबाब पाहिजे. नाहीतर कुंपण राहणार, आणि मग वाडी खाली हलवावी लागेल."

आत्याने परीक्षा सुरू केली. "नाचणी कवा लावतात?"

"पावसाळ्यात."

"पावसाळा चार महिन्यांचा असतो. कवा?"

अवधूतने खिशातल्या मोबाइलकडे हात नेला. आत्याने नुसतं बघितलं. हात परत आला.

"खिंड चढून वर गेलं की काय ठेवतात?"

"बॅग?"

मी खिडकीबाहेर बघू लागलो. खिंडीतल्या देवाला जाता-येता झाडाचा टाळा, म्हणजे पानांची डहाळी, वाहतात, हे मी मुंबईचा असून आत्याकडून दहा वेळा ऐकलं होतं.

"तुझ्या आज्याचा बैल कुठल्या डोळ्यानं आंधळा होता?"

"आजी, मी आजोबांनाच बघितलं नाही. बैल कुठून बघणार?"

त्याला तिने चहा दिला, तोही अर्धा कप, आणि "बघू" म्हणून वाटेला लावलं. मी म्हटलं, "आत्या, पोरगा नापास."

"व्हय," ती म्हणाली. दिवे लागल्यावर ती माझ्या दारात आली. "भाऊ, शेठचा मानूस असता, तर पाठ करून आला नसता का?"

मी विचार केला. संशयाच्या शास्त्रात ही पायरी मला ठाऊक नव्हती.

"ह्याला कायच ठावं नाय. म्हंजे आपलाच. त्याला फोन लावा."

पुढच्या रविवारी अवधूत आला तेव्हा तिने त्याला पूर्ण कप चहा दिला आणि आजवर आम्हालाही न सांगितलेली गोष्ट सांगितली.

ती नऊ वर्षांची असताना वाडीत मोजणीचा माणूस आला होता. साखळी घेऊन. तिच्या बापाने त्याला नाचणीची भाकरी घातली, ताक दिलं आणि दोन दिवस सगळा डोंगर फिरवून दाखवला. इथं आमची गुरं चरतात, इथं आम्ही नाचणीच्या रोपांसाठी राब जाळतो, इथनं लाकूड आणतो. माणूस मोठा गोड बोलणारा. लिहून घेत होता. दुसऱ्या वर्षी जागोजागी जंगल खात्याचे नंबर घातलेले दगड उभे राहिले. बापाने दाखवलेली जागा अन् जागा दगडांच्या पलीकडे गेली आणि तिथे पाय ठेवायला मनाई झाली.

"झरा तेवढा ऱ्हायला," आत्या म्हणाली. "आयेनं त्या दोन दिसांत झऱ्यावर घोंगड्या वाळत घातल्या हुत्या. करवंदीच्या जाळीवर, ह्या टोकापासनं त्या टोकापर्यंत. बा म्हनला, ह्ये काय गो? ती म्हनली, उवा झाल्यात. मोजणीवाला उवांना भिऊन जवळ आला नाय." ती थांबली. "जे सांगितलं ते गेलं. नाय सांगितलं ते ऱ्हायलं. आन् आता तू म्हनतोस, सांगा."

नकाशात झरा नव्हता तो तिच्या आईच्या घोंगड्यांमुळे, आणि आता नकाशात नाही म्हणूनच तो हातचा जात होता.

"जबाब दिलात तर निदान..." अवधूत म्हणाला.

"कागदावर नाय. कागद आधी कचेरीत जातो, मंग शेठकडं, मंग झऱ्याकडं. सायेब जवा जाग्यावर उभा असंल, तवाच सांगीन. त्याच्या डोळ्यादेखत."

गुडघ्यांमुळे ती जिना उतरत नाही, डोंगर कसला चढणार. शेवटी ठरलं, तहसील कचेरीकडून जागेची पाहणी होईल त्या दिवशी अवधूतची चुलत बहीण रुचा झऱ्यावर मोबाइल धरेल आणि आत्या इथून बोलेल. पाहणीला येणारा मंडळ अधिकारी भला माणूस होता, तयार झाला. शेठचा वकील हसला म्हणे.

त्या दिवशी अकरा वाजता अवधूतने चाळीच्या गॅलरीत आत्यासमोर फोन धरला. पडद्यावर हिरवं-पिवळं काहीतरी हललं. रुचाचा चेहरा आला. "आजी, ऐकू येतंय का?"

"तू कोन?"

"रुचा. अवधूतची बहीण."

"ते त्यानं सांगितलं. फोन फिरव. समोरचा डोंगर दाखव." फोन फिरला. आत्या पडद्याला नाक लावून बघत होती. "ह्यो आपलाच डोंगर कशावरनं? कुठलापन डोंगर दाखवतील." मग एकदम तिचा आवाज खाली आला. "दोन सुळक्यांच्या मधी फट हाय का? आभाळ दिसतंय?"

"दिसतंय."

"त्या फटीच्या नीट समोर उभी ऱ्हा. अजून सरक. हां. आता पाठ कर आन् टाकीकडं तोंड. टाकीचा ओटा जिथं संपतो, तिथं खणायला सांग. हातभर."

अधिकारी मध्ये म्हणाला, "आजी, काय निघणार आहे ते आधी सांगा. मी लिहून घेतो, मग खणू."

आत्याने माझ्याकडे बघितलं. ओठ घट्ट मिटलेले. सत्तर वर्षं न सांगण्याची सवय. मी काय सांगणार, घोंगड्या माझ्या आईने घातल्या नव्हत्या.

"खळगे हायेत," ती म्हणाली. "कातळात कोरलेले. बुडाला गोल हांडा नीट ऱ्हावा म्हनून. दोन मोठ्ठे, माझ्या आज्यानं कोरले. आन् एक बारका, कळशीयेवढा. मी पाच वर्षांची हुते, बानं माझ्यासाठी कोरला. माझ्या लग्नाच्या फुडल्या पावसात वरनं दरड आली, सगळं मातीखाली गेलं. मातीवर पोरांनी टाकी बांधली. त्यांना कसं कळनार?"

कुदळ चालू झाली. आमची गॅलरी भरली होती. माती, दगड, परत माती. वकिलाचा आवाज आला, "किती वेळ हे?" तेवढ्यात कुदळ खणकन वाजली. कुणीतरी पाणी ओतलं. काळा कातळ दिसला, आणि त्यात एक गोल खळगा. मग शेजारी दुसरा.

"दोनच आहेत," अधिकारी म्हणाला.

"तीन," आत्या म्हणाली.

रुचाने फोन दुसऱ्या कुणाच्या हातात दिला आणि स्वतः खाली बसून नखांनी माती काढू लागली. पडदा हलत होता. मग तिचा हात थांबला. कळशीच काय, मोठा तांब्या जेमतेम बसेल असा खळगा. तिने त्यात मूठ ठेवून दाखवली.

आत्या खाली बसली. तिने अधिकाऱ्याला काय लिहिलं ते वाचायला लावलं. मग परत वाचायला लावलं. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "आजी, शब्द बदलत नाहीत." ती म्हणाली, "मी बघतेय बदलतात का ते."

महिन्याने निकाल आला. झरा नकाशावर चढला आणि कुंपण झऱ्यापासून मागे घ्यायचा हुकूम झाला. अवधूत प्रत घेऊन धावत आला. आत्याने ती उजेडाला धरून शिक्का तपासला. "कागद कायपन बोलंल. रुचाला लाव. खांब काढले का, ते बघू दे."

खांब काढले होते. टाकीवर बायका पाणी भरत होत्या. आत्या एकेकीला ओळखत होती. ही वरच्या घरची, ही कुणाची सून. मग तिचं बोट थांबलं.

"ती निळ्या साडीतली? आपल्यातली नाय ती."

"नाही आजी," रुचा म्हणाली. "शेठच्या वॉचमनची बायको. त्यांच्या बोअरला पाणी नाही लागलं."

आत्याने पडदा डोळ्यांजवळ घेतला. ती बाई हंडा भरून झाल्यावर बाजूला उभी होती, कुणीतरी उचलू लागावं म्हणून.

"उचलू लाग तिला," आत्या म्हणाली. "पन नाव-गाव इचारून ठेव."