पूजेचे प्लग

आमच्या घरच्यांचं नाव मनोहरराव. सिंदी मेघेत आमचं किराण्याचं दुकान हाय, अन् या माणसाच्या हातून आजवर एक वस्तू फेकल्या गेली नाई. तुटक्या छत्रीच्या काड्या, बंद घड्याळाचे काटे, झिजलेले दात घासायचे ब्रश, सारं दुकानामागच्या फळीवर. मी ओरडली की म्हणत, "असू दे वच्छला, कामी येते." कोणाच्या कामी येते, काय माहीत बाई! पण माणूस वाईट नाई. मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्या माणसांना केळझरच्या गणपतीले नेऊन आणणारा, आवाज न चढवणारा. म्हणून तं त्यांच्यावर धड चिडताही येत नाई, अन् तिथंच माही सारी पंचाईत होते.

चौऱ्याण्णव साली यांनी पेट्रोलची जुनी व्हॅन घेतली. तिचं इंजिन पुढच्या सीटखाली. म्हणजे माह्याच बुडाखाली म्हणा ना! काई बिघडलं की आधी मी उतरायचं, मग माही सीट वर उचलून हे आत डोकं खुपसणार. इंजिनात तीन स्पार्क प्लग. बोटाएवढे, खालून लोखंडाचे, वरून पांढऱ्या चिनी मातीचे. ठिणगी त्यांच्यातूनच पडते, अन् ती नीट नाई पडली तं गाडी नुसती खोकत राह्यते. एवढं ज्ञान मलेही आलं होतं, दर चार दिवसांनी उतरून उतरून.

खंडेनवमीले आमच्याकडे तराजू अन् वजनांची पूजा असते. वजनं मी चिंचेनं घासून चकचकीत करून देते. गाडी आली त्या सालापासून यांनी त्या पूजेत हे तीन प्लगही मांडायले सुरुवात केली. आदल्या दिवशी ते काढायचे, पेट्रोलात धुवायचे, काजळी पॉलिश पेपरनं घासायची. मग तबकात ओळीनं ठेवून हळद, कुंकू, अक्षता, झेंडूचं फूल. अन् पूजा झाली की ते कुंकवासकट परत इंजिनात कसायचे, पान्याले लोखंडी नळी अडकवून, सारा जोर लावून. "पूजेचा हाय, ढिला नाई राह्यला पाह्यजे," म्हणत.

गॅरेजवाल्या हिरालालनं किती डाव सांगितलं. "काकाजी, टोक पार झिजलं याचं. ठिणगी कुठून पडन? नवे टाका ना आता."

तं हे म्हणाले, "पूजा केलेली वस्तू फेकते का कोणी? तराजू बदलतो का मी दरसाली?"

हिरालालनं कपाळाले हात लावला. मी हसली. हो, हसली मी, खोटं काऊन सांगू?

दोन हजार एकचा दसरा झाला अन् दुसऱ्या दिवशी सकाळी माह्या माहेराहून, रोहण्याहून फोन आला. वहिनी होती, सुलोचनाबाई. "आईचं काई खरं नाई दिसत. पहाटेपासून तुमचंच नाव घेऊन राह्यल्या. म्हणतात, वच्छीले बोलवा, तिले एक सांगायचं हाय. मले सांगा म्हटलं, तं नाई म्हणतात. वच्छीलेच सांगन, म्हणतात."

माही आई, अनुसयाबाई, कमी बोलणारी बाई. चार पोरी उजवल्या, पण कोणाले बाजूले घेऊन काई सांगितलं असं मले आठवत नाई. अन् आज तिले सांगायचं होतं, मलेच. मी होती त्या लुगड्यावर गाडीत बसली.

पुलगाव ओलांडलं अन् गाडी खोकू लागली. धक्के देत देत एका निंबाखाली उभी राह्यली. रोहणा दहा-बारा किलोमीटर राह्यलं होतं. मी उतरली, सीट वर झाली, यांचं डोकं आत. तेवढ्यात मागून रोहण्यावरून जाणारी आर्वीची बस आली. मी हात केला. बस थांबली, आत जागाही होती. कंडक्टर म्हणाला, "चला बाई, लवकर."

मी पायरीवर पाय ठेवला. यांनी वर पाह्यलं. "अवं, दहा मिनिटं. प्लग साफ केले की झालं. मीच नेतो ना तुले." नुसतं तोंडाकडे पाह्यलं माह्या. मले वाटलं, याले असं रस्त्यावर टाकून कसं जावं? मी पाय खाली घेतला. बस निघून गेली.

दोन प्लग निघाले. तिसरा हलेच ना. इंजिन तापलेलं, वरून आठ सालांचं हळदी-कुंकू अन् तो जोर. यांनी नळी लावली, दात-ओठ खाल्ले अन् कडकन् आवाज आला. पान्यात पांढरी चिनी माती अन् वरचं लोखंड. खालचा तुकडा इंजिनात तसाच रुतून बसला.

"आता?" मी म्हटलं.

हे पोपटी रुमालानं तो तुटका प्लग पुसत राह्यले, जसं काई पुसून तो जोडल्या जाणार होता. पकड घातली, ती घसरली. चिमटा घातला, तो वाकला. मग रस्त्याच्या कडेले खाली बसले. मी तोंडाले येईल ते बोलली त्यांना, अन् ते मान खाली घालून ऐकत राह्यले. दुसरी बस आलीच नाई. पावणेदोन तासांनी सोयाबीनची पोती भरलेला ट्रॅक्टर भेटला, त्याच्यावर बसून गेलो.

वहिनी दारातच होती. "जीव हाय," ती म्हणाली. "पण तासाभरापूर्वी वाचा गेली. शेवटी हेच म्हणाल्या, वच्छी आली का?"

आई खाटेवर डोळे उघडे ठेवून होती. मले पाह्यलं, ओठ हलले, आवाज नाई. मी कान लावला, नुसता श्वास. हे दाराबाहेरच उभे, हात काळेकुट्ट. आईनं बोटानं बोलावलं त्यांना. अन् आपल्या पदरानं त्यांची बोटं पुसू लागली, एकेक करून. यांनी लहान पोरासारखा गळा काढला.

अकरा दिवस जगली ती. मी रोज विचारत होती, "आई, भावाचं काई? दागिन्याचं? बाबांचं?" ती प्रत्येक डावाले मान हलवून नाई म्हणत होती. शेवटी मीच विचारणं बंद केलं.

पुढच्या खंडेनवमीले यांनी तराजू मांडला, वजनं मांडली. प्लग नाई. नवे टाकले होते, ते गाडीतच राह्यले. हळदीचा करंडा हातात तसाच धरून म्हणाले, "वच्छला, काय सांगायचं असन आईले?"

मी म्हटलं, "मले काय माहीत."

तेव्हापासून दरसाली विचारतात, पूजेच्या पाटावर बसून. यंदा माह्याच्यानं नाई राहवलं. मी म्हटलं, "ती म्हणणार होती, जावयावर चिडत नको जाऊ, भोळा हाय तो."

यांनी वर पाह्यलं. मग म्हणाले, "हे तं तू सांगून राह्यली."

मी वजनं पुसत होती. माह्याकडून पुढं पुसणं नाई झालं.